शेवटचा चालू फ्लेअर: मढसमोर बंद पडलेल्या होडीचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं, होडीचा नोंदणी क्रमांक आणि वर्ष गाळलं आहे. वेळा, अंतरं आणि होडीवरचं सामान तपशिलात दिलं आहे, कारण सगळा धडा त्यातच आहे. होडीवर हातात धरायचे चार लाल फ्लेअर, म्हणजे मदतीसाठी प्रखर लाल उजेड देत जळणाऱ्या नळ्या, होते. एक वाया गेला, एक पेटलाच नाही, एकाने काम केलं आणि एक पिशवीतच राहिला.

पार्श्वभूमी

३२ फुटी फायबरची होडी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. वर चार माणसं: तांडेल (होडीचा प्रमुख), त्याचा १९ वर्षांचा भाचा आणि दोन खलाशी. दिवाळीनंतर बाजार उघडला की मासळीला भाव येतो. म्हणून भाऊबीजेच्या दुपारी निघून, जाळं मारून, रात्रीच्या भरतीला खाडीत परत शिरायचं असा बेत होता.

भाऊबीज म्हणजे अमावास्येनंतरची द्वितीया. चंद्रकोर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते, रात्र काळीकुट्ट असते. उधाणाचे दिवस असतात, मुंबईत रात्रीची भरती मध्यरात्रीनंतर पूर्ण होते आणि मग ओहोटीची ओढ लागते. या दिवसांत संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो आणि रात्री उशिरा फिरून जमिनीकडून मतलई सुटते. बंद पडलेली होडी म्हणजे मध्यरात्रीपर्यंत फारशी हलणार नाही, पण नंतर ओहोटी आणि मतलई दोन्ही तिला बाहेर ओढणार.

होडीवर होतं ते असं: ५ वॅटचा हातातला व्हीएचएफ रेडिओ सेट, तीन मोबाइल, एक चांगली टॉर्च, केबिनवरचा पांढरा दिवा, होकायंत्र, नांगर आणि ६० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) दोर, २० लिटर पिण्याचं पाणी, एक नारिंगी धुराचा डबा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चार फ्लेअर. त्यातले दोन मुदतीतले, रिंग ओढून पेटणारे. दुसरे दोन जुन्या सामानातून स्वस्तात घेतलेले. त्यांची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती आणि ते टोपीवर घासून पेटायचे. इस्रोने विकसित केलेला संकटसूचक 'डॅट' घरी चार्जिंगला लावलेला राहिला होता.

अडचण

संध्याकाळी ७.३० च्या सुमारास पाण्यावर वाहत आलेलं जुनं जाळं होडी ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळलं. इंजिन दचके देऊन थांबलं. पुन्हा चालू केल्यावर इंजिन पंख्याला जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट तुटल्याचा आवाज आला. अंधारात पंख्याखाली बुडी मारायला तांडेलाने साफ मनाई केली, आणि ते योग्यच होतं. जाळ्यात अडकलेल्या पंख्यापाशी रात्री उतरलेला माणूस स्वतःच जाळ्यात सापडतो.

पाणी साधारण १२ वाव. समुद्र शांत, होडीत पाणी येत नव्हतं, कुणी जखमी नव्हतं. पूर्वेला वर्सोव्यापासून गोराईपर्यंत आकाशात फटाके उडत होते.

पहिला निर्णय: न विचारता ओढलेली रिंग

७.५० ला पश्चिमेकडे एक पांढरा दिवा दिसतोय असं भाच्याला वाटलं. तांडेल आणि एक खलाशी मागच्या बाजूला इंजिनाचं झाकण उघडून बसले होते. भाच्याने पिशवीतून हाताला लागला तो फ्लेअर काढला, पश्चिमेच्या काठाशी उभा राहिला आणि रिंग ओढली.

यात एकाच वेळी चार चुका झाल्या.

वारा वायव्येचा होता आणि भाचा वाऱ्याकडच्याच काठावर उभा होता. जळत्या फ्लेअरमधून गळणारा वितळलेला मळ वाऱ्याने होडीच्या आत उडाला आणि नायलॉनच्या जाळ्याच्या ढिगावर पडला. ताटलीएवढं भोक पडलं आणि जाळं धुमसू लागलं. खलाशाने बादली ओतून ते विझवलं. जाळं पाण्याने विझतं, फ्लेअर विझत नाही. त्याच्या मसाल्यातच प्राणवायू पुरवणारं रसायन असतं, आणि सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अटीनुसार तर १० सेंटिमीटर पाण्याखाली १० सेकंद धरूनही तो जळतच राहिला पाहिजे. पेटता फ्लेअर होडीत पडला तर त्याच्यावर पाणी ओतत बसू नका, दांड्याला धरून समुद्रात फेका.

दुसरी चूक दांड्याची. या प्रकारात खालची नळी 'टक' आवाज येईपर्यंत बाहेर ओढायची असते, म्हणजे हात आणि ज्योत यांत अंतर पडतं. भाच्याने ती ओढलीच नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी भाजलं. एका खलाशाने टूथपेस्ट आणायला धाव घेतली. तांडेलाने त्याला थांबवून पिण्याचं पाणी बारीक धारेने हातावर ओतायला लावलं आणि वर धुतलेला पंचा सैल गुंडाळला. पाणी दहा मिनिटं ओतलं. वीस मिनिटं ओतायला हवं होतं. बाकी बरोबर.

तिसरी, चौघांनीही ज्योतीकडे बघितलं. अंधाराला सरावलेली डोळ्यांची नजर अशा झगमगाटात क्षणात जाते आणि पूर्ण परत यायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. पुढची बरीच मिनिटं कुणालाही लांबचा दिवा ओळखता येत नव्हता.

चौथी चूक सगळ्यांत महागात पडली: बघणारा कुणी नव्हता. पश्चिमेचा तो दिवा क्षितिजापलीकडच्या मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवरचा होता. डोलकाठी उंच, म्हणून दिवा लांबून दिसतो. होडीतला फ्लेअर पाण्यापासून जेमतेम २ मीटरवर.

हा हिशेब प्रत्येक होडीवर कुणाला तरी यायला हवा. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, २.०८ ने गुणा, की तिथून क्षितिज किती सागरी मैलांवर ते कळतं. २ मीटरवरच्या फ्लेअरसाठी २.९. ट्रॉलरच्या केबिनमध्ये ४ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसासाठी ४.२. बेरीज ७.१. याच्या पलीकडे पृथ्वीची गोलाईच आड येते, फ्लेअर कितीही प्रखर असो. आक्सा किंवा मढच्या वाळूत उभ्या माणसाचे डोळेही दोनच मीटरवर, म्हणजे बेरीज ६ मैलांच्या आत. होडी होती ८ मैलांवर. किनाऱ्यावरून कुणी पाहिलं नाही अशी हळहळ नंतर वस्तीत खूप झाली, पण वाळूवरून तो दिसणं शक्यच नव्हतं. विसाव्या मजल्यावरून गोलाई आड आली नसती. तिथे आड येतो तो फटाक्यांचा धूर, आणि भाऊबीजेच्या रात्री समुद्रातला लाल ठिपका पाहून फटाकाच समजणारं मन.

सोलासच्या हातातल्या फ्लेअरची प्रखरता किमान १५,००० कँडेला आणि जळण्याचा वेळ किमान १ मिनिट. स्वच्छ रात्री तो साधारण ५ सागरी मैलांवरून दिसतो असं धरतात. दिवाळीच्या धुरात आणि थंडीच्या धुरक्यात मुंबईसमोर आम्ही ३ च धरू.

दुसरा फ्लेअर

पहिला विझल्यावर घाबरलेल्या भाच्याने लगेच दुसरा काढला. तो घासून पेटणारा होता. अंधारात त्याने रिंग शोधली, सापडली नाही, मग टोपी काढून दोनदा घासली. काही झालं नाही. का पेटला नाही हे बघायला त्याने तोंड स्वतःकडे वळवलं.

या क्षणी तांडेल ओरडला, "तोंड बाहेर धर! हलू नको!"

न पेटलेला फ्लेअर उशिरा पेटू शकतो. तो होडीबाहेर, वाऱ्याच्या पडत्या बाजूला (वारा जिकडे जातो तिकडे), हात लांब करून किमान ३० सेकंद धरायचा आणि मग पाण्यात सोडायचा. तांडेलाने मिनिटभर धरायला लावून तेच केलं. तो मुदतीमुळे पेटला नाही, दमट हवेने मसाला खराब झाल्यामुळे, की नीट घासला न गेल्यामुळे, हे आता कळणार नाही. पण दोन वेगळ्या रचनेचे फ्लेअर एका पिशवीत ठेवले की अंधारात माणूस एकाची सवय दुसऱ्यावर चालवतो, हे या होडीवर डोळ्यांसमोर घडलं.

काय काय करता आलं असतं

८.०५ ला तांडेलाने उरलेला चालू फ्लेअर पिशवीतून काढून स्वतःच्या अंगरख्यात ठेवला. मग चौघांनी बसून पर्याय मोजले.

वाहत राहायचं, कुणीतरी जवळून जाईल. हा पर्याय एका खलाशाचा. भरती संपेपर्यंत तो वाईट वाटत नव्हता, पण मध्यरात्रीनंतरची ओढ बाहेरची होती. नांगर टाकायचा आणि सकाळी पंखा मोकळा करायचा. १२ वाव पाण्यात ६० वाव दोर, म्हणजे पाचपट लांबी, नांगर धरणार. फक्त रात्रभर दुसऱ्या बोटींच्या वाटेत, एका पांढऱ्या दिव्यावर थांबावं लागलं असतं आणि भाजलेला हात सोबत होता. तिसरा पर्याय, नांगरावर राहून मदत मागायची.

तिसरा निवडला, आणि आमच्या मते चुकीचा क्रम इथे सरळ झाला. हातातला फ्लेअर मदत बोलावण्यासाठी नसतो. बोलावण्याचं काम फोन, व्हीएचएफ आणि डॅटचं. निघालेल्या माणसाला शेवटच्या दोन-तीन मैलांत 'इथे आहे' हे दाखवण्याचं काम फ्लेअरचं. एका मिनिटाच्या उजेडासाठी बघणारा आधी तयार असावा लागतो. ज्यांना दूरवर बोलवायचं आहे त्यांच्यासाठी पॅराशूट रॉकेट असतं. ते किमान ३०० मीटर उंच जातं, ४० सेकंद लाल जळतं आणि ३०,००० कँडेला देतं. या होडीवर एकही नव्हतं. दिवाळीच्या रात्री मुंबईसमोर ते उडवलं असतं तरी किती जणांनी ओळखलं असतं, ही शंका आहेच.

प्रश्न उरला हे 'संकट' की 'तातडी' याचा. होडी बुडत नव्हती, आग नव्हती, माणूस पाण्यात नव्हता. व्हीएचएफवर अशा वेळी 'मेडे' नाही, तीन वेळा 'पॅन-पॅन' म्हणतात. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे १९७२ च्या कोलरेगच्या चौथ्या परिशिष्टात, लाल फ्लेअर हा संकटाचा संकेत आहे आणि संकट नसताना तो वापरायला मनाई आहे. पहिला फ्लेअर या कसोटीवरही घाईचाच होता.

काय केलं

८.१५ ला नांगर टाकला. काठावर हात ठेवून दोर थरथरतो का ते पाहिलं. नांगर ओढला जात असेल तर दोरातून खरखर जाणवते. दोर शांत होता. फोनवरून जागा काढून कागदावर लिहिली: १९ अंश ८ मिनिटं उत्तर, ७२ अंश ३९ मिनिटं पूर्व.

फोनला रेंज केबिनच्या छपरावर उभं राहिल्यावरच यायची. दुसऱ्या खलाशाला कमरेला दोर बांधून वर चढवलं आणि त्याने तटरक्षक दलाचा १५५४ लावला. त्याच्या हातात कागद होता, म्हणून बोलणं दीड मिनिटात आटोपलं: होडीचं नाव, जागा, माणसं चार, एकाचा हात भाजलेला, इंजिन बंद, नांगरावर, पाणी येत नाही, एक फ्लेअर शिल्लक. रेंज कधीही जाते, म्हणून जागा सगळ्यांत आधी सांगावी आणि दोनदा सांगावी. मग मच्छीमार सोसायटीला फोन गेला.

व्हीएचएफवर तांडेलाने १६ नंबरवर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या चॅनेलवर, पॅन-पॅन दिला, उत्तर आलं नाही. हातातला सेट होडीतून मोजकेच मैल पोचतो. शिवाय गावच्या बोटी बऱ्याचदा आपापल्या ठरलेल्या चॅनेलवर बोलत असतात. तांडेलाने गावच्या चॅनेलवर हाक दिली आणि तिथेही शांतता मिळाल्यावर दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं सेट लावायचा, बाकी वेळ बंद, असं ठरवलं. बॅटरी याच शिस्तीमुळे शेवटपर्यंत पुरली.

९.१० ला फोन आला. नैर्ऋत्येकडून परतणारा एक ट्रॉलर वळवला होता, दीड तास लागेल.

शेवटचा निर्णय: उरलेला चालू फ्लेअर कधी

१०.३५ ला ट्रॉलरचा आवाज सेटवर आला. त्याला होडी सापडत नव्हती. टॉर्च दाखवली, केबिनचा दिवा तीनदा बंद-चालू केला.

"दादा, इथून वीस दिवे दिसतात. तुझा कुठला?"

यात ट्रॉलरची चूक नव्हती. त्याच्या समोर मुंबईचा अख्खा किनारा उजळलेला, त्यात होड्यांचे पांढरे दिवे मिसळलेले. पांढऱ्यात पांढरा हरवतो.

भाचा म्हणाला, "मामा, आता पेटवू?"

"आधी तो किती लांब ते कळू दे."

ट्रॉलरने आपली जागा सांगितली. अंतर अडीच मैलांच्या आसपास निघालं. आता बघणारा होता, तो बघत होता, त्याला दिशा माहीत होती आणि अंतर आवाक्यात होतं. तांडेलाने सेटवर सांगितलं, "दहा मोजतो, मग लाल पेटवतो. ईशान्येला बघत राहा. दिसला की होकायंत्रावर दिशा धर, कारण मिनिटात विझेल."

होकायंत्राची आठवण करून देणं फार मोलाचं ठरलं. फ्लेअर विझल्यावर बघणाऱ्याच्या हातात दिशेचा आकडा उरला नाही तर मिनिटभराचा उजेड फुकट जातो.

तोवर वारा फिरून पूर्वेची मतलई लागली होती. होडी नांगरावर नाळ (पुढचं टोक) पूर्वेला करून उभी होती, म्हणजे वाऱ्याची पडती बाजू मागची. डिझेलचा कॅन आणि जाळं पुढे सरकवलं, मागे पाण्याने भरलेली बादली ठेवली. वेल्डिंगचा चामड्याचा हातमोजा इंजिनापाशी होता, तो तांडेलाने घातला. रबराचा किंवा नायलॉनचा मोजा घालू नये, तो वितळून कातडीला चिकटतो. नळी 'टक' होईपर्यंत ओढली, टोपी काढली, पाठ वाऱ्याला दिली. हात काठाबाहेर, खांद्याच्या वर, फ्लेअर बाहेरच्या बाजूला झुकता, म्हणजे मळ पाण्यात गळेल. बाकी तिघांना नाळेकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः मान वळवून रिंग खाली खेचली.

एक-दोन सेकंद नुसती सुरसुर, मग झोत. स्ट्रॉन्शियमच्या क्षारांमुळे येणारा तो लाल रंग फटाक्यांतही असतो, पण फटाका फुटून विझतो. हा एका जागी, पाण्यालगत, स्थिर जळत राहतो आणि त्याचा धूरही लाल दिसतो. वीस सेकंदांत सेटवरून आवाज आला, "दिसला, दिसला." तांडेलाने हात खाली घेतला नाही. विझल्यावरही नळी लाल तापलेली असते, ती बादलीत बुडवून ठेवली.

निकाल

११ वाजता ट्रॉलर लागला, ११.१० ला ओढायला सुरुवात झाली. चार नॉटच्या वेगाने ८ मैल, म्हणजे दोन तास. खाडीच्या तोंडाशी १.१५ ला पोचले, भरती पूर्ण होती, वाळूच्या पट्ट्यावरून होडी सहज आत आली. अर्धा-पाऊण तास आणखी उशीर झाला असता तर ओहोटीचं पाणी तोंडावर आलं असतं. हात पंधरा दिवसांत बरा झाला. जाळ्याचा तुकडा बदलावा लागला. पंख्याचं कपलिंग नवीन.

वेगळं काय करता आलं असतं

डॅट घरी राहिला ही मूळ चूक आहे, बाकी सगळं तिच्यामागून आलं. त्याचं बटण दाबलं की जागेसकट संदेश उपग्रहामार्गे जातो, छपरावर चढून रेंज शोधावी लागत नाही. नव्या पिढीच्या डॅटवर संदेश मिळाल्याची पोचही येते. ती पोच असती तर भाच्याचा हात पिशवीकडे गेला नसता, असं आम्हाला वाटतं. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं.

मुदत संपलेले फ्लेअर 'असू दे वर' म्हणून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. आमचं मत उलट आहे. ते चालू फ्लेअरच्या पिशवीत तर नकोतच, होडीवरही नकोत. मुदत साधारण ३ वर्षांची असते आणि नळीवर छापलेली असते. विकत घेताना तारीख, सोलासची खूण, टोपीवर गंज किंवा फुगवटा नाही हे बघा, आणि सगळे एकाच रचनेचे घ्या. मोडीत निघालेल्या जहाजावरचे घेऊ नका. मुदत संपलेले दिवाळीत पेटवणं, कचऱ्यात टाकणं किंवा खाडीत फेकणं तिन्ही चूक. ज्याच्याकडून घेतले त्या विक्रेत्याला किंवा लाइफराफ्टची देखभाल करणाऱ्या केंद्राला आधी फोन करून परत द्यावेत. नेताना लोकलने नेऊ नयेत. फ्लेअर ही स्फोटक वस्तू आहे आणि रेल्वेत, एसटीत, विमानात ती नेता येत नाही.

डोंगरात जाणारेही आम्हाला फ्लेअरबद्दल विचारतात. सह्याद्रीत कार्तिकापासून गवत वाळलेलं असतं, त्यावर मिनिटभर गळणारा मळ म्हणजे वणवा. तिथे शिट्टी आणि टॉर्च बरी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं.

बॅटरीवरचे लुकलुकणारे एलईडी फ्लेअरही मिळतात. ते भाजत नाहीत आणि तासन्‌तास चालतात. या होडीवर तसा एक असता तर 'तुझा दिवा कुठला' हा प्रश्न कदाचित लवकर सुटला असता. जोडीला जरूर ठेवा, लाल फ्लेअरच्या बदल्यात नको.

आणि भाच्याने न विचारता रिंग ओढली, तरी दोष एकट्या त्याचा नाही. निघण्यापूर्वी होडीवर कुणीच त्याला फ्लेअर हातात देऊन दिवसाउजेडी सूचना वाचून दाखवल्या नव्हत्या.

आता त्या होडीवर झाकण घट्ट फिरवून बसवायचा नारिंगी डबा आहे. तो इंजिनापासून दूर, केबिनच्या दाराशी, पट्ट्याने बांधलेला. आत एकाच रचनेचे चार हातातले फ्लेअर, दोन पॅराशूट रॉकेट, दोन धुराचे डबे, चामड्याच्या मोज्यांची जोडी. झाकणाच्या आतल्या बाजूला भाच्याच्या अक्षरात लिहिलं आहे: आधी नांगर, मग डॅट, १५५४, १६ नंबर. त्याखाली, मोठ्या अक्षरांत: कोण बघतंय?